महारुद्रचा उजवा कान

देवगाव फाट्यावर महारुद्रचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची असो की बोअरची, जळालेली मोटार तो उघडतो, आतली काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी भरून देतो. काम चोख आहे. पण मोटार घेऊन आलेल्या माणसाला तो आधी एकच प्रश्न विचारतो, "भारनियमन ऐकता का?" माणूस म्हणतो, "ऐकायचं काय त्यात, रोजच भोगायलो की." मग महारुद्र खिन्नपणे मान हलवतो आणि त्या माणसाची मोटार दोन दिवस उशिरा मिळते.

भारनियमन हा परभणीचा रॉक बँड. कॉलेजातल्या चार पोरांनी २००९ साली काढला. त्या काळात चौदा-चौदा तास लाइट जायची, म्हणून हे नाव. दोन गिटार, एक ड्रम, आणि मंडपाचे बांबू हलतील असा गाणारा. पहिला गायक सिद्धोधन. २०१३ साली त्याला नांदेडला नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी रुद्रेश आला. तो शास्त्रीय शिकलेला, सात वर्षं गायला आणि पुण्याला निघून गेला. आता भक्ती नावाची मुलगी गाते. इतिहास म्हणावा तर एवढाच. पण एवढ्याशा इतिहासावर जिल्ह्यातली त्रेचाळीस माणसं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढून दहा वर्षं भांडत आहेत, आणि त्या भांडणातला निम्मा आवाज एकट्या महारुद्रचा आहे.

त्याचं म्हणणं सोपं आहे. "सिद्धोधन म्हंजे थ्री फेज. रुद्रेश सिंगल फेज, त्यात बी व्होल्टेज कमी. आन् ती पोरगी तर इन्व्हर्टरवर चालायलीय." मी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. माझी जीप फाट्यावरच उभी असते, त्यामुळे हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकतो. मला विचाराल तर तिघंही बरे गातात. हे मी एकदा त्याच्यासमोर बोलून बसलो, तर आठ दिवस त्यानं मला चहा विचारला नाही.

माणूस वाईट नाही. अडल्यानडल्याला धावून जाणारा आहे. फक्त हरणं त्याला ठाऊक नाही. वाद घालताना तो आधी हळू बोलतो, मग उभा राहतो, मग हातातला पाना टेबलावर ठेवतो. पाना ठेवला की समोरच्यानं घरी जावं हे बरं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला कोण थांबतो?

ग्रुपवर त्याचं नाव 'फेज किंग'. तिथं त्याला पुरून उरणारा एकच गडी होता, 'गोदाकाठचा वाघ'. हा वाघ रुद्रेशचा भक्त. "सिद्धोधन गात नव्हता, बोंबलत होता," असं तो सकाळी सातला लिहायचा आणि महारुद्रचा नाश्ता राहून जायचा. दहा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण एकमेकांचा उद्धार केल्याशिवाय दिवस मावळू दिला नव्हता.

इकडं महारुद्रचं वय छत्तीस झालं. वडील किशनराव आणि आई चतुराबाई यांनी पोरी बघून बघून चपला झिजवल्या. मुलींच्या बापांना पुण्यातला नोकरीवाला पाहिजे असतो, फाट्यावरचा मोटारवाला नको असतो, हे एक. पण सगळा दोष काळाला देऊन चालणार नाही. चारठाण्याचं स्थळ चांगलं जमत आलं होतं. तिथं ह्या शहाण्यानं मुलीला विचारलं, तिघांतलं कोण आवडतं? ती बिचारी लाजत म्हणाली, भक्ती. त्यावर यानं मोबाइल काढला आणि तिला सिद्धोधनची नऊ गाणी ऐकवली. पोहे गार झाले. घरच्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. असे अकरा नकार झाले, तेव्हा चतुराबाई मला म्हणाल्या, "लेकरा, तू तरी त्याला सांग. मी मेल्यावर भाकरी कोन टाकंल त्याला?" त्या रडल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

बारावं स्थळ गंगाखेडचं. मुलगी राजेश्री, वय एकतीस. तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर दोनशे माणसांना "आधार कार्ड दाखवा, अंगठा नीट ठेवा" असं सांगून तिच्या आवाजाला एक धार आली आहे. तिचा मोठा भाऊ राम साखर कारखान्यात कामाला. आई-वडील नाहीत, त्यामुळे राम हाच तिचा बाप आणि तोच तिचा वकील.

बैठक झकास चालली होती. महारुद्रनं दोन वेळा हसून दाखवलं. तेवढ्यात रामचा फोन वाजला आणि त्यातून रुद्रेशचा आलाप निघाला. महारुद्रचा चहाचा कप हवेतच थांबला. राम म्हणाला, "माफ करा, आमच्या आवडीचा गायक हाय. एकच झाला असा परभणी जिल्ह्यात." मी महारुद्रकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, बारावं गेलं. पण चतुराबाईंनी सतरंजीवरच लेकाचा हात असा आवळला की त्याच्या तोंडातून फक्त "असंल" एवढंच बाहेर पडलं. राम मात्र त्याच्याकडं रोखून बघत राहिला. त्यानं चेहरा ओळखला नव्हता, पण ते अर्धं गिळलेलं वाक्य ओळखलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवरच्या एका भल्या माणसानं राम म्हणजेच गोदाकाठचा वाघ आणि महारुद्र म्हणजेच फेज किंग, ही माहिती दोन्हीकडं पोचवली.

रामनं घरी थयथयाट केला. "जिल्ह्यात दुसरा माणूस न्हाई का?" राजेश्रीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, जो माणूस सोडून गेलेल्या गानाऱ्याला बी अकरा वर्षं धरून बसलाय, त्यो बायकोला काय सोडतोय? मला पसंत हाय." हे तिनं मला नंतर स्वतः सांगितलं. मला तर वाटतं, महारुद्रबद्दल आजवर कुणी इतकं शहाणं बोललेलं नाही.

चतुराबाईंनी मात्र धोका ओळखला. हळदीच्या दिवशी त्यांनी लेकाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "लगीन लागून सून घरात येईस्तोवर त्या गान्याचं, त्या गानाऱ्यांचं नाव काढायचं न्हाई. कुनी काय बी म्हनू दे. काढलंस तर मी मेले म्हनून समज." महारुद्र पाच मिनिटं खांबाला टेकून बसला. मग म्हणाला, "बरं."

लग्न गंगाखेडला, भर मे महिन्यात. दोन्हीकडून पाहुणे आले, पण पाहुण्यांपेक्षा ग्रुपचे सभासद जास्त. सिद्धोधनवाले नवरदेवाकडच्या खुर्च्यांवर आणि रुद्रेशवाले नवरीकडच्या, अशी आपोआप वाटणी झाली. भक्तीवाली चार कॉलेजची पोरं होती, त्यांना कुणी विचारत नसल्यानं ती कूलरपुढं बसली. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि होमापुढं कानपिळी आली.

आमच्याकडं ही रीत गमतीची. नवरीच्या भावानं नवरदेवाचा उजवा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून. नवरदेवानं त्याला कपडे नाहीतर अंगठी कबूल करायची, की कान सुटला. अर्ध्या मिनिटाचं काम. महारुद्रनं अंगठी खिशातच तयार ठेवली होती, ती त्यानं पुढं केली.

रामनं अंगठीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं कान धरला, एक पीळ दिला आणि गोड आवाजात म्हणाला, "अंगठी नको दाजी. एक वाक्य म्हना. रुद्रेशसारखा गायक झाला न्हाई आन् होनार न्हाई. म्हना, लगेच सोडतो."

मंडपात एकदम हसू फुटलं. महारुद्र गप्प.

"म्हना की. लाजायलाव कशाला?" दुसरा पीळ.

महारुद्र गप्पच. त्याच्या मानेवरची शीर मी मागून पाहत होतो. उलटं बोलावं तर आईची शपथ मोडते. रामचं वाक्य म्हणावं तर त्यात नावच आहे, पुन्हा शपथ मोडते, आणि वर जन्माची नाचक्की. त्यानं एकदा चतुराबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आता शपथेची गोष्ट नवरीकडच्यांना काय माहीत? त्यांना दिसत होता तो एक नवरदेव, जो थट्टेलाही उत्तर देत नाही. तिसऱ्या पिळाला हसू थांबलं. कान टोमॅटोसारखा लाल झाला. नवरीचा एक चुलता उठून म्हणाला, "लय घमेंड हाय की. भावाच्या शब्दाला उत्तर देत न्हाई, उद्या पोरीला काय मान देनार?" इकडून सिद्धोधनवाले उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "अहो, सप्तपदी राहिली आहे, त्याशिवाय लग्न पुरं होत नाही." त्यावर चुलता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. अजून टाइम गेलेला न्हाई." किशनरावांनी फेटा काढून हातात घेतला. अकरा नकार घरात बसून मिळाले होते, हा बारावा चारशे माणसांसमोर मिळणार होता.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात राजेश्री बोलली. आवाज तोच, अंगठा नीट ठेवा म्हणणारा.

"दादा, कान सोड. का सांगू सगळ्यांना?"

"काय सांगतीस?"

"सिद्धोधन बँड सोडून गेला त्या दिवशी आपल्या घरात कोन जेवलं न्हवतं ते."

रामचा हात गळून पडला. रुद्रेशवाले खुर्च्यांतच वळून एकमेकांकडं बघू लागले. दहा वर्षं ज्याच्या मागं उभं राहून भांडलो तो वाघ मुळात सिद्धोधनवाल्यांच्या कळपातला, हे पचवायला त्यांना वेळ लागत होता. गुरुजींनी संधी साधली आणि मंत्र सुरू केले. सात पावलं मी मोजली. सातवं पडल्यावर चतुराबाईंनी डोळे उघडले.

राम पंगतीत दिसला नाही. तो मंडपामागं आचाऱ्याच्या चुलीजवळ उलट्या पातेल्यावर बसला होता. एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस, पण तिथं तो अगदी एकटा दिसत होता. महारुद्र मुंडावळ्यांसकट तिकडं गेला, हातात बुंदीचं ताट. मीही मागोमाग गेलो, कारण अजून मारामारी होऊ शकत होती.

महारुद्रनं ताट त्याच्यापुढं ठेवलं. नाव घ्यायची चोरी होती, त्यामुळे त्यानं शब्द जपून टाकले. "त्यो गेला तवा मी बी दोन दिवस जेवलो न्हवतो."

राम बुंदीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी तीन."

एवढंच बोलून त्यानं ताट ओढलं आणि दोघं एकाच ताटात जेवले. मला कुणी बसायलाही सांगितलं नाही. पण खरं सांगतो, मला आतून भरून आलं. दहा वर्षं सकाळ-संध्याकाळ एकमेकांना शिव्या घालणारी ही दोन माणसं एकाच दुःखाची निघाली, असं वाटून मी तिथंच डोळे पुसले. आचारी मला म्हणाला, "कांद्यानं का?" मी हो म्हणालो.

पाठवणी झाली. नवरा-नवरी माझ्याच जीपमध्ये मागं बसली. गंगाखेड सुटलं, पूल ओलांडला, आणि राजेश्रीनं डोक्यावरचा पदर जरा सैल केला.

"कान दुखायला का?"

"न्हाई," महारुद्र म्हणाला. कान वांग्याच्या रंगाचा झाला होता.

"एक सांगते. दादाला सांगू नका. त्या दिवशी दादा जेवला न्हवता, कारन एकादस होती. संध्याकाळी भगर दोनदा मागून घेतली त्यानं. तुमचा कान तुटला असता म्हनून बोलले मी."

मी आरशात पाहिलं. महारुद्र बराच वेळ हिशेब जुळवत होता. "मंग त्यो तीन दिवस कसा म्हनला?"

"तुमी दोन म्हनलात म्हनून."

दोन्ही बाजूंना ऊस सरकत होता. मग राजेश्रीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं दोन दिवसाचं तरी खरं का?"

सिद्धोधन गेला त्या दिवशी मी महारुद्रबरोबर होतो. फाट्यावरच्या हॉटेलात आम्ही दोघांनी भज्यांच्या पाच प्लेटा खाल्ल्या होत्या, त्यातल्या तीन त्याच्या. मी आरशातून नजर काढली, कारण आता पाना नसला तरी काहीतरी आपटणार, आवाज चढणार, आणि पहिल्याच दिवशी ह्या पोरीला कळणार की हा माणूस हरत नाही.

"न्हाई," महारुद्र म्हणाला. "जेवलो होतो. भजे खाल्ले. लय खाल्ले."

ती हसली नाही. तिनं फक्त ओला रुमाल काढून त्याच्या कानाला लावला, आणि तो मान कलती करून गप्प बसून राहिला. पंचवीस वर्षांची दोस्ती आहे आमची. माझ्या विहिरीवरची मोटार ह्या माणसानं दोनदा भरली आणि दोन्ही वेळा ती आठ दिवसांत जळाली. अजून म्हणतो, चूक तुझ्या वायरीची होती.