अनुस्वारबाईंचं प्रश्नचिन्ह

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं बाई. एकतीस वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. शाळेची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, कायद्याचे जाडजूड ग्रंथ, जे समोर येईल ते. हातात लाल पेन आणि ओळीखाली लाकडी पट्टी. गोष्टीत गुंतायचं नाही, हा त्यांचा नियम. "गोष्टीत शिरलं की वेलांटी निसटते," असं त्या नव्या मुलींना बजावत.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. आदल्या वर्षी एका तरुण लेखिकेची मुलांसाठीची कादंबरी आली होती. पुढे कधीतरी येणाऱ्या काळातलं शहर, भोवती उंच भिंत, पाणी मापून मिळायचं आणि रस्त्यात मोठ्याने बोलायची बंदी. त्यातली पंधरा वर्षांची मुलगी पहारेकऱ्यांच्या नाकावर टिच्चून आजारी शेजारणीला पाणी पोचवायची. बाईंना ती पोरगी भारी आवडली. छापून झाल्यावर एक प्रत त्यांनी मागून घरी नेली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

त्यामुळे मालकांनी दुसऱ्या भागाचा गठ्ठा टेबलावर ठेवला, तेव्हा बाईंनी हातातला कायदा बाजूला सारला.

एकशे बारा पानं मजेत गेली. एकशे तेराव्या पानावर मुलीचा भाऊ तिला विश्वासात घेऊन सांगतो, की मी भुयारातून पळून जाणार आहे. आणि ही पोरगी दुसऱ्या दिवशी सरळ जाऊन पहारेकऱ्यांना ते सांगून टाकते. भाऊ पकडला जातो.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. परिच्छेद पुन्हा वाचला. मग समासात मोठं लाल प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे लिहिलं, "ही असं करणार नाही. पहिल्या भागाशी विसंगत."

दोन दिवसांनी लेखिका स्वतःच आली. हातात ते पान. वय सव्वीसच्या पुढे नसेल.

"बाई, डाव्या हाताची जखम पुढे उजव्या हाताला गेली होती, ते तुम्ही पकडलंत म्हणून वाचले. पण हे प्रश्नचिन्ह कशाला?"

"अहो, जी मुलगी शेजारणीसाठी जिवावर उदार होते, ती सख्ख्या भावाचा घात करेल?"

"तो गेला तर ती एकटी पडणार होती. घाबरली."

"घाबरली म्हणून काय वाट्टेल ते करायचं?"

"करतात ना माणसं." लेखिकेने पान पुढे सरकवलं. "बाई, खरं सांगा. ते चुकलंय, की तुम्हाला आवडलं नाही?"

"बघते," एवढंच म्हणून बाईंनी पान ठेवून घेतलं.

त्या दुपारी त्यांचं कामात लक्ष लागेना. त्या वीस वर्षांच्या होत्या, तेव्हा धाकट्या बहिणीने गुपचूप अर्ज भरून दुसऱ्या गावी नर्सिंगला प्रवेश मिळवला होता. पत्र आलं, ते तिने फक्त ताईला दाखवलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. धाकटी गेली असती तर आईचं सगळं एकट्या ताईच्या अंगावर पडलं असतं. ताईने बाबांना सांगितलं. पत्र आपल्यालाच सापडलं असं म्हणून बाबांनी तिचं जाणं बंद केलं. धाकटी पुढे टेलिफोनच्या कचेरीत चिकटली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं, पण ते "बरं आहे ना?" "बरं आहे" यापुढे कधी सरकलं नाही. आपण तिच्या काळजीपोटीच सांगितलं, असं बाई इतकी वर्षं स्वतःला समजावत आल्या होत्या.

चहाच्या सुट्टीत त्यांनी बाहेर जाऊन फोन लावला.

"अगं, तुझं ते प्रवेशाचं पत्र. बाबांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं मी. बाबांनी जन्मात कधी सुई हातात धरली होती का?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. मग कंटाळले."

"राग आहे अजून?"

"आहे. पूर्वीसारखा नाही, पण आहे. खोटं कशाला बोलू? आज हे मध्येच कुठून काढलंस?"

बाईंनी पुस्तकाचं सांगितलं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढे तो भाऊ तिच्याशी बोलतो का?"

"अजून तिथवर पोचले नाही."

"वाच आणि सांग."

टेबलाशी परतल्यावर बाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि समासात लिहिलं, "आहे तसंच ठेवावं." मग पट्टी लावून पुढचं पान घेतलं.

पुस्तक छापून आल्यावर दोन्ही भाग घेऊन त्या स्वतः धाकटीकडे गेल्या, दोन बस बदलून. आठ दिवसांत धाकटीचा फोन आला.

"वाचलं. पोरगी ठीक आहे. पण पंधरा दिवसांत माफी मागून मोकळी? इतक्या लवकर कोण मागतं गं?"

पलीकडून आधी धाकटीलाच हसू फुटलं, मग बाईंनाही आवरेना.

त्यानंतर महिन्यातून एखाद्या शनिवारी बाई तिच्याकडे जाऊ लागल्या. गुडघे, शेजारी, सून, वाट्टेल त्या विषयावर बोलणं व्हायचं. जुना विषय एकदाच निघाला, तोही धाकटीनेच काढला. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती.

"ताई, बाबांनी ते पत्र जाळलं की फाडलं?"

"फाडलं. माझ्यासमोर."

"मला वाटायचं जाळलं असेल," धाकटी म्हणाली. हातातली चादर तिने नीट घडी करून ठेवली आणि ती चहा टाकायला उठली.