ज्याचं दूध त्याची कढई

आमच्या खव्याच्या भट्टीवर ज्याचं दूध त्याची कढई, हा नेम. आईनं उभा जन्म पाळला. आणि एके सकाळी तिनंच दोन घरांचं दूध एका कढईत ओतलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. गावात कुजबुज सुरू झाली, "म्हातारीला आता घरी बसवा."

का म्हणून बसवा? असला राग आला मला! भट्टी सुटली तर आईत आई उरेल का? मी धाराशिवात बसून कंपन्यांच्या कामांचे नकाशे काढते. कोणतं काम कशानंतर, कुणी करायचं. म्हटलं, एक आईसाठी काढू.

पहिला नकाशा भिंतभर झाला. सगळी कामं, सगळे बाण एकाच कागदावर. आई बघतच राहिली. "अगं बया! ह्ये काय कोळ्याचं जाळं मांडलंस? मला न्हाय उमगत." डोळे भरले होते तिचे.

मग पायऱ्या पाडल्या. वर एकच पान, त्यावर चार चौकटी: दूध घेणं, आटवणं, खवा काढणं, पाठवणं. प्रत्येक चौकटीखाली त्या कामातल्या बारीक कामांची पानं. अडलं तरच उचलून बघायचं. 'पाठवणं'च्या अगदी तळाच्या पानावर मी लिहिलं: टेम्पो गेला की लेकीला फोन.

आणि जमलं की तिला! रोज फोन यायचा, "गेला गं टेम्पो. जेवलीस का?"

पुढं आजार वाढला. खालचं पान उचललं की वरचं विसरायची, घाबरून रडायची. म्हणून तळापासून एकेक पान मीच काढत गेले. समजायला सोपं करायचं तर बारीकसारीक गाळावंच लागतं, आमच्या कामात असंच असतं. पहिलं ते फोनचं तळाचं पान काढलं आणि फोन थांबला. तरी त्या वेळेला मी मोबाईल घेऊन बसायचे, वेड्यासारखी.

आता भट्टी चुलतभाऊ बघतो. आई शेजारी बसून असते. परवा गेले तेव्हा खव्याचा वास सुटला तशी ती म्हणाली, "झालं, उतरवा." बरोब्बर वेळेला! मी हरखून तिचा हात धरला.

तिनं मला नीट न्याहाळलं. दूध घेऊन येणाऱ्या बायकांशी बोलायची त्याच अदबीनं विचारलं, "बाई, तुमची कढई कोणती?"