ओल्या बिब्ब्यांची माळ

माझा स्वभाव संशयी. देवळातला प्रसादसुद्धा मी आधी बोटाने चाचपून बघते आणि मग तोंडात टाकते. सुना हसतात. हसू देत. पण या स्वभावापायी एका गायीची कातडी सोलून निघाली आणि एका बाईला गावभर मान खाली घालावी लागली, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हाची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. आमचा मळा त्याच्यापासून दीड कोसावर. वांगी, मेथी, लसूण, जे पिकेल ते डोक्यावर घेऊन बाजारात जायचं. त्या वर्षी आमचे मालक आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले. घराच्या मधोमध मातीची भिंत उठली. भांडीकुंडी, मोटेचे बैल, सगळ्याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि पांढरी गाय आमच्या चिठ्ठीत आली.

ती गाय माझ्या मोठ्या जावेने वाढवलेली. तिची आई विताना मेली, तेव्हा जावेने कापडाच्या बोळ्याने दूध पाजून तिला जगवली होती. चिठ्ठी उघडली तेव्हा जाऊ काहीच बोलली नाही. हीच माझी पहिली शंका. जिची एवढी लाडकी गाय जाते ती बाई गप्प बसते, म्हणजे मनात काहीतरी धरूनच बसते, असं मी ठरवून टाकलं.

रोज संध्याकाळी ती भाकरीचा तुकडा घेऊन आमच्या गोठ्यात येई, गायीची मान खाजवी, दोन शब्द बोले आणि जाई. तिचा आवाज ऐकला की गाय हंबरायची. मी रोज चारा घाली, शेण काढी, पण माझ्यासाठी ती कधी हंबरली नाही. माझ्या पोटात दुखे, हे आज कबूल करते.

गाय पौषात व्याली. पंधरा दिवस दूध नीट दिलं आणि एका संध्याकाळी, जाऊ नुकतीच येऊन गेलेली, गायीने पान्हा चोरला. वरून लाथ मारून भांडं पाडलं. गायी लाथा मारतातच. पण मी सांडलेल्या दुधाकडे बघत म्हटलं, सापडली. नजर लागली, आणि कोणाची ते सांगायला नको.

नजरेला आमच्याकडे बिब्बा. पोरांच्या गळ्यात, दाराला, गाडीच्या जुवाला, काळ्या दोऱ्यात एक बिब्बा ओवून बांधतात. तो वाण्याकडचा असतो, वर्षानुवर्षं वाळून दगड झालेला. मी तो घेतला नाही. माझं माहेर जंगलाच्या कडेचं, तिथे घरोघर बायका बिब्बे फोडून गोडंबी काढत. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की भल्याभल्यांना उततो, फोड येतात, तोंड सुजतं. मला मात्र कधीच उतला नाही. लहानपणापासून राख लावून फोडत आले आणि पुढे पुढे राखही लावीना. त्याचा मला तोरा होता. आईने नुकतेच गोडंबीबरोबर थोडे ओले बिब्बे पाठवले होते. मी म्हटलं, वाळक्यात काय दम, जोर ओल्यातच. दाभण तापवून पाच बिब्ब्यांना आरपार भोकं पाडली, काळ्या दोऱ्यात ओवले आणि शनिवारी गायीच्या गळ्यात बांधले. भोकांतून तेल पाझरत होतं. मला वाटलं, किती जागृत माळ झाली.

चार दिवसांत गायीच्या मानेवरचे केस झडले. खालची कातडी आधी लाल झाली, मग सुजली, मग तिच्यातून पाणी गळायला लागलं. पांढऱ्या मानेवर काळे डाग पडले. धोबी कपड्यावर बिब्ब्याने खूण करतो ना, अगदी तसे. बिब्ब्याच्या घरात जन्मलेल्या बाईला ते डाग ओळखू येऊ नयेत? नाही आले. मी सासूबाईंना बोलावून दाखवले, "आत्याबाई, पाहा, नजर कशी काळी उमटली!" आणि पुढच्या शनिवारी पाचाचे अकरा बिब्बे केले.

गाय मान खाली घालेना, गव्हाणीत तोंड घालेना. वासरू तिच्या गळ्याला तोंड घासे, त्याच्याही नाकाडावर पुरळ आलं. मी जावेला गोठ्याच्या दारातच अडवलं.

"बाई, आता तुमी गायीले हात लावू नोका."

"काहून वं?"

"मले इचारता? तुमाले ठाऊक नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग गायीच्या मानेकडे. बराच वेळ बघितलं. हातातला भाकरीचा तुकडा पदरात बांधला आणि परत गेली. मी विहिरीवर चार बायकांना सांगितलं. चारांनी आणखी चारांना. आठवड्याभरात लोक तिला पाहून वासरं आत घ्यायला लागले. ती भाजी घेऊन निघाली की बाया पाटी उचलायला हात लावीनात.

मालकांनी गाय वाशीमच्या गुरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मी बरोबर गेले. डॉक्टर शिकलेला माणूस, गंडेदोरे पाहून हसेल, म्हणून वेशीशी येताच माळ काढून मी पदरात बांधली. डॉक्टरांनी मान नीट पाहिली. म्हणाले, "कातडीची सूज आहे. रोज काहीतरी लागतंय हिला इथे. गळ्यात काय बांधता?"

"दावं," मी म्हणाले.

"मग दावं बदला. आणि हे मलम लावा."

आम्ही दावं बदललं. परतताना त्याच वेशीशी मी माळ पुन्हा बांधली. मलम दोन दिवस लावलं, मग त्याचा रंग मला बरा वाटेना, म्हणून ठेवून दिलं. डॉक्टर कोणाचा पाहुणा लागतो, जावेच्या माहेरचा तर नाही, याचीही मी चौकशी करून आले.

मान चिघळत गेली. माश्या हटेनात. शेवटी मालक म्हणाले, "मंगळवारी अनसिंगच्या बाजारी नेतो. घेईल कोनी त घेईल, नाही त कसायाले देतो." भिंत मातीची, पलीकडे सगळं ऐकू जाई. पलीकडे भाकरी थापण्याचा आवाज मधेच थांबला, तो मी नीट ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यात जाते म्हणून निघाले आणि बांधावरून परत फिरले. गोठ्यात जाऊ होती. डाव्या हाताने तिने गायीच्या गळ्यातली माळ वर उचलून धरली होती आणि उजव्या हाताने वाटीतलं काहीतरी मानेला चोपडत होती. गाय डोळे मिटून उभी होती.

"चोर!" मी ओरडले. "काय लावून राह्यल्या? रोज येता का अशा?"

"येतो," ती म्हणाली. "रोज."

मी वाटी हिसकली आणि हुंगली. खोबरेल होतं. पण नुसतं खोबरेल कोण चोरून लावतो? त्यात काय कालवलं कोण जाणे, म्हणून मी वाटी उकिरड्यावर पालथी केली. ती निघून गेली. जाताना पदराने हात झाकून घेतले होते. तेही मी पाहिलं आणि त्याचाही हवा तो अर्थ लावला.

सोमवारी विहिरीवर बातमी आली की जावेचं तोंड सुजलंय, डोळे उघडत नाहीत, दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरलेत. बाया म्हणाल्या, "बाप्पा! तिचं तिच्यावरच उलटलं वं." मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला. भरलेली घागर तिथेच ठेवून मी बघायला गेले. दुखणाईताला भेटायला म्हणून गेले नव्हते, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला गेले होते.

ती भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर उताणे ठेवलेले. मी जवळ जाऊन वाकले. बारीक, पाणी भरलेले फोड, भोवती लाल सूज, आणि बोटांच्या पेरांवर काळे डाग. माहेरी दर साली नव्याने बिब्बे फोडायला आलेल्या एखाद्या पोरीचे हात असेच होत. तिला आम्ही हसायचो.

मी तिथेच खाली बसले.

"बाई, हा त बिब्बा उतला," मी म्हणाले.

"मले ल्हानपनापासून उतते," ती म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते. "तू दारात अडोलं त्याच दिशी मले समजलं. काये डाग पाह्यले ना."

"मंग सांगतलं काहून नाही? बिब्ब्यायची माय तोडून काहून नाही टाकली?"

तिने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगतलं असतं त तू इश्वास ठेवला असता? तोडली असती त तू दुसरी बांधली असती. एकवीस बिब्ब्यायची."

एकवीसचा आकडा माझ्या मनात खरोखरच येऊन गेला होता.

मी घरी पळाले. विळ्याने माळ कापली आणि मळ्याच्या पार टोकाला खड्डा करून पुरली. गायीची मान धुतली, खोबरेल लावलं, पुन्हा धुतली, पुन्हा लावलं. मालकांना म्हणाले, उद्या बाजार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "माहीच चूक" एवढं बाहेर पडलं आणि मी रडले. विहिरीवरही मी सांगितलं. पण नजर लागल्याची बातमी आठ दिवसांत गावभर झाली होती. ती खोटी होती हे पटायला बायांना वर्ष लागलं. काहींना कधीच पटलं नाही. त्या माझीच शिकवण घोकत होत्या, त्यांना काय बोलणार?

जावेचे हात महिन्याने बरे झाले. गायीची मान भरून आली, केस मात्र तिथे विरळच राहिले. मी दावं सोडून गाय भिंतीपलीकडे नेली. जाऊ म्हणाली, "गाय तुह्या चिठ्ठीतली, तुहीच. मले फक्त संध्याकायी येऊ देत जाय."

ती पुन्हा येऊ लागली. भाकरीचा तुकडा, मान खाजवणं, दोन शब्द. आणि मी? ती वळून गेली की मी गोठ्यात शिरे, गायीच्या मानेवरून हात फिरवी आणि हाताचा वास घेई. सगळं कळल्यानंतरही. जित्याची खोड. दर वेळी वास खोबरेलाचाच येई.

एकदा ती अर्ध्या वाटेवरून परत आली, काहीतरी विसरलं म्हणून. माझा हात नाकाशी होता. मी तो खाली घेण्याच्या आत ती जवळ आली आणि आपले दोन्ही तळवे माझ्या नाकापुढे धरले. पेरांवरचे काळे डाग अजून गेले नव्हते.

"हे बी हुंगून पाह्य," ती म्हणाली.

आणि मी हुंगले.