खाडीवरची तिवरं आणि आमचा साफ धुरा

आमच्या लोह्याकडं शेतकऱ्याची अक्कल धुऱ्यावरून मोजतात. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावर काडी दिसली की लोक नावं ठेवणार. म्हणून उन्हाळ्यात बोरी-बाभळी तोडायच्या, गवत पेटवायचं, की झाला माणूस हुशार. ही हुशारी माझ्या धाकट्या लेकानं थेट कोकणात नेली.

तिथं खाडीकाठची कोळंबीची दोन तळी त्यानं चालवायला घेतली. मी पाहायला गेले. तळ्याचा मातीचा बांध अन् खाडी यांच्या मधी, चिखलात, तिवरं उभी, खाऱ्या पाण्यातली झाडं. लई दाट, मुळ्या वर काढलेली. मला तर किळसच आली. लेक म्हणाला, "आई, बगळे यावर बसतात अन् कोळंबी टिपून राहिलेत." मीच म्हटलं, "मग ठेवली कशाला? तुझा बाप असता तर एका दिवसात धुरा साफ केला असता." म्हणजे पहिली दीडशहाणी मीच, हे लिहून टाकते. तोडायला बंदी हाय, हे त्याला ठाऊक होतं. मला सांगितलं न्हाई.

शेजारची एक कोळीण तिथं खेकडे धरायला येई. ती म्हणाली, "तोडू नका गो बाय. बांध त्यांनीच धरलाय." आम्ही मायलेक हसलो. झाडं कुठं बांध धरतात का! पहिल्या तळ्यापुढची तिवरं गेली. बांध असा चकाचक झाला की लेकानं फोटो काढून गावाकडं पाठवला. शाबासकी आली, समुद्र कधी न पाहिलेल्यांची.

अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, लाटा सरळ मातीवर आल्या. बांध गुळाच्या ढेपेसारखा विरघळला. काढणीला आलेली कोळंबी खाडीत. तिवरांमागचं दुसरं तळं जागच्या जागी.

आता तरी माणूस शिकेल? आमचा हुशार म्हणाला, "बांधच कच्चा होता. पोकलेन आणतो, इकडची तिवरंबी काढून पक्का करतो."

पोकलेन आलं तशी मी दुसऱ्या बांधावर बसकण मारली. "चालव. आधी आईला उचल."

"तुला काय कळतं कोळंबीतलं?"

"न्हाई कळत. तुला कळतं ना? मग पहिल्या तळ्यातली कुठंय?"

कोळीण टोपली टेकवून हसली. "माज्या टोपलीत हाय, दादा."

मशीन आलं तसं गेलं. आता लेक तळं पाहायला येणाऱ्यांना सांगून राहिलाय, की झाडं राखून कोळंबी कशी वाढवायची याचा त्यानं अभ्यास केला. लोक माना डोलवतात. डोलवा म्हणावं. उरलेली तिवरं उभी हायत, मला तेवढं बास. अभ्यासाचं नाव त्यालाच होऊ दे. कशात तरी व्हावं.