दीड फुटासाठी पंप

आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही. माणसं येत होती, बसत होती, मी त्यांना पाणी देत होतो. पाहुणे परतले, सतरंज्या गुंडाळून झाल्या, आणि मी कॉम्प्युटरसाठी पंप शोधायला बसलो.

मी मेहकरला घरी बसून, अजून बांधलेली नसतात त्या घरांची चित्रं तयार करतो. एकेका चित्रासाठी मशीन तासन्‌तास तापतं आणि पंखे असे घोंघावतात की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. आई गेल्यावर बाबांनी आपली खाट आतल्या खोलीतून हॉलमध्ये आणली होती. मशीन हॉलमध्येच. दोन दिवसांनी भर मे महिन्यात, दुपारी, ते खाट उचलून ओसरीत गेले.

म्हणून पाण्यानं थंड करायचं ठरवलं. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं, पंख्याच्या जाळीत ते गार करायचं आणि परत आणायचं. बाकी सामान आलं होतं. पंप ठरत नव्हता. एक लहान होता, जोरकस, पण लवकर तापणारा आणि आवाजाला किरटा. दुसरा मोठा, शांत, वेग कमी-जास्त करता येणारा. मी पंधरा दिवस लोकांचे अनुभव वाचत होतो. वाचताना बाकी काही आठवत नसे, हे बरं होतं.

मधेच एका दुपारी जळका वास आला. ओसरीतल्या कूलरचा पंप गेला होता. बाबांनी तो काढला, उलटा करून पाहिला.

"टाकीत पानीच नाही," ते म्हणाले.

रोज सकाळी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी आई टाकायची. आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. बाबांनी पंप फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवला. मी आत येऊन पुन्हा वाचायला लागलो.

बाबांनी उभा जन्म विहिरींवर मोटारी बसवल्या. पण त्यांना विचारावं हे मला सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी तेच माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"काय पाहून राह्यला एवढं?"

"पंप पाहून राह्यलो, बाबा. याच्यासाठी."

"किती फुटावर पानी चढवायचं?"

"दीड फूट."

"दीड फुटाले पंप लागते?"

मी कागदावर नळ्या काढून दाखवल्या. पाणी निघतं तिथंच परत येतं, पण ठोकळ्यातल्या खाचा केसाएवढ्या बारीक असतात, तिथं ते अडतं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे उचलनं नाही. ढकलनं हाये."

"हाव."

"मंग मोठा घे अन्‌ हळू चालव. पुऱ्या दमानं पळवला का पंप लवकर जाते. अन्‌ टाकी त्याच्या वरतं ठेव. कोरडा नको पळू देऊ."

शेवटचं वाक्य बोलून त्यांनी खिडकीतल्या फडक्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग मी मोठा पंप मागवला.

तो आला त्या दिवशी बाबा बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घेऊन आले. नळ्या त्यांनीच कापल्या; माझा काप तिरका जात होता. कॉम्प्युटर बंद ठेवून आम्ही नुसता पंप चालवला आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला. पाण्यातले बुडबुडे गोल फिरत वर येत, टाकीत फुटत. दिवसभर असंच चालू ठेवायचं होतं. आम्ही दोघं फरशीवर बसून पाहत राहिलो. पंपाला कान लावल्याशिवाय आवाज येत नव्हता.

"तुले रडू नाही आलं काय रे?" बाबांनी एकाएकी विचारलं.

"नाही."

"मले बी नाही आलं."

त्यांनी ते असं सांगितलं, जसं एखाद्या गावाला लाईट आहे की नाही हे सांगावं. मला वाटलं, आता काहीतरी होईल, त्यांना किंवा मला. काही झालं नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, चहा ठेवू का, आणि मी हो म्हणालो. चहात साखर जास्त झाली होती. दोघांनी पिऊन टाकला.

एकही जोड गळला नाही. दुसऱ्या दिवशी मी मशीन कामाला लावलं. दुपारी बाबांनी खाट ओसरीतून परत हॉलमध्ये आणली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चिखलीच्या एका बंगल्याच्या जिन्याला कठडे लावत होतो. गिऱ्हाईकाला ते काळे हवे होते. काळे केले.