हाय खाल्ली म्हणे

दाजीनं हाय खाल्ली, असं आधी मालक म्हणाला. मालक म्हणाला म्हणून हिशेबनीस म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत काचेच्या त्या दुकानातला झाडूवालाही मान हलवून तेच म्हणू लागला. दाजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्याच दुकानात कामाला लागला, तो दाजी म्हणायचा, म्हणून मालकासकट सगळं दुकान त्याचा मेव्हणा झालं.

घडलं ते असं. इमारतींना मोठाल्या काचा बसवणं हे दाजीचं काम. काच उचलायला दांडीच्या रबरी वाट्या असतात. काचेवर दाबून खटका ओढला की घट्ट चिकटतात. म्हणजे चिकटायला हव्यात. दुकानातल्या वाट्यांचं रबर कडेनं फाटलं होतं. दाजी सांगून सांगून थकला, मालक दर वेळी "बघू" म्हणून मोकळा. शेवटी चौथ्या मजल्यावर वाटी सुटली आणि काच जोडीदाराच्या मनगटावरून गेली. त्याची बोटं आता मिटत नाहीत. दाजीला ओरखडाही आला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "या वाट्या घेऊन मी वर जाणार नाही."

झालं. हाय खाल्ली.

आता हा शब्दच बघा. माणसाला जबर धक्का बसतो, त्याचं अवसान गळतं, कशातच जीव राहत नाही, तेव्हा आपण म्हणतो, त्यानं हाय खाल्ली. खातातही माणसं, नाही असं नाही. जोडीदारानं खाल्ली होती, भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पण त्याच्याबद्दल हे कुणी म्हणालं नाही, कारण त्यात कुणाची सोय नव्हती. दाजीबद्दल म्हटलं की पुढचं काही विचारावंच लागत नव्हतं. वर का जात नाही? अहो, बिचाऱ्यानं हाय खाल्ली. रबराची चौकशी तिथंच संपली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही मायेनं.

मालकानं त्याला खाली बसवलं, आरशांच्या कडा घासायला. जाता-येता पाठीवरून हात फिरवायचा. "सावकाश घे, दाजी. होतं असं एखाद्याचं." त्या हातानं दाजीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरीही तीच तऱ्हा. बायको पोरांना डोळ्यांनी गप्प करायची आणि न मागता ताटात वाढायची.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणायचा.

"नाही ना. तुम्ही जेवा," ती म्हणायची.

भांडणाऱ्याशी भांडता तरी येतं. या मऊ आवाजाचं काय करायचं? दाजी दात-ओठ खात जेवायचा.

मग एका सकाळी मालकानं चौथ्या मजल्याची राहिलेली काच मेव्हण्याकडे सोपवली. "तू जा. तू काही दाजीसारखा कच्च्या काळजाचा नाहीस." मेव्हणा तरणाबांड, नुकतंच लग्न ठरलेलं, छाती फुगवून निघाला. हातात त्याच वाट्या.

दाजी उठला. त्यानं मेव्हण्याच्या हातातून वाट्या काढून घेतल्या, टेबलावर ठेवल्या आणि पात्यानं एकेकीचं रबर कडेपासून दांडीपर्यंत चिरलं. अजिबात घाई केली नाही. कुणी मध्ये पडलं नाही.

"डोकं फिरलंय का तुझं?" मालक म्हणाला. आवाजात आता माया नव्हती, आणि दाजीला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

मेव्हणा रडकुंडीला आला होता. "अहो दाजी, बाहेर गाडी उभी आहे. आता काच उचलायची कशानं?"

"त्यांना विचार," दाजी मालकाकडे बोट दाखवून म्हणाला. "मी इतके दिवस तेच विचारतोय."