डावीकडची फांदी

आमच्या कुंपणापलीकडच्या बागेत आंबे उतरवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली लांब काठी, उचलण्याआधी तो दोन्ही तळहात पँटीला पुसायचा, एवढं मात्र पक्कं आठवतं.

यंदा त्याची बायकोही सोबत होती. पहिल्या दिवशी झाड पुरं झालं म्हणून त्याने झेला खाली ठेवला. मी वर बघितलं, तर डावी बाजू हापूसनं तशीच लगडलेली! माझा चेहरा बघून तो हसला.

"गेल्या पावसात झटका आला, मेंदूत. डोले बेस हायत माजे. डोस्कं डावी बाजू इसारलंय."

डोळे उघडले की दिसतं, असं मी आजवर धरून चाललो होतो!

मग बायको रोज त्याच्या डावीकडच्या शेवटच्या फांदीला लाल फडकं बांधायची. ते दिसेपर्यंत त्याने मान वळवायची.

"आजून! आजून डावीकडं!" ती ओरडायची. तो शिव्या घालत वळायचा.

हंगाम सरताना एका सकाळी ती फडकं घेऊन निघाली, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

त्याने तळहात पुसले. मान डावीकडे नेली, थांबला, आणखी नेली. झेला पानांत शिरला आणि देठासकट हापूस जाळीत उतरला.

"शिकलं गो डोस्कं, शिकलं!" तो एवढ्याने ओरडला की झाडावरचे कावळे उडाले.

बायकोने हातातलं लाल फडकं झटकलं आणि त्याच्या डोक्याला फेट्यासारखं बांधलं.